कंपनीत आहे म्हणजे नक्की कुठे?

"काय काम करता?"

"कंपनीत."

"कंपनीत काय?"

"ऑपरेटर."

"काय ऑपरेट करता?"

"मशीन."

नाशिकच्या कारखान्यांच्या भागात, अंबड-सातपूरकडे, दवाखाना टाकलेल्या कुठल्याही डॉक्टरला हा संवाद पाठ असणार. पेशंट काही लपवत नसतो, त्याला खरंच वाटतं की सांगितलं सगळं, आणि आपल्यालाही वाटतं की विचारलं सगळं. केसपेपरवर 'व्यवसाय'च्या पुढे 'नोकरी' असं पडतं आणि गाडी पुढे सरकते, खोकला किती दिवस, बेडका पडतो का, रात्री घाम येतो का. बाईमाणूस असेल तर 'गृहिणी'. सिन्नरकडची एखादी मावशी पहाटेपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते, घरभर तंबाखूची धूळ असते, पण तिला विचारलं तर ती म्हणणार "मी घरीच असते हो", आणि कागदावर ती गृहिणीच होणार. मग पाठ का दुखते, डोकं का गरगरतं, याला आपण व्हिटॅमिन लिहून मोकळे.

मी हल्ली 'काय काम करता' हा प्रश्न जवळजवळ सोडूनच दिलाय. त्याऐवजी विचारते, "काल कामावर गेल्यापासून घरी येईपर्यंत काय काय केलं ते सांगा बरं." मग तोच ऑपरेटर सांगायला लागतो. सात वाजता पंच केलं, चहा झाला, मग फेटलिंगला बसलो. फेटलिंग म्हणजे भट्टीतून निघालेल्या कास्टिंगला जी वाळू जळून चिकटलेली असते ती ग्राइंडर मारून काढायची. तोंडाला काय बांधता? रुमाल. धूळ दिसते का? "दिसते म्हणजे काय मॅडम, समोरचा माणूस दिसत नाही." आणि कंपनी काय देते? "गूळ देतात ना." हा गूळ मला नाशिकमध्येच नाही, जिथे जिथे धुळीचं काम आहे तिथल्या पेशंटकडून ऐकायला मिळालाय, धूळ गुळाबरोबर पोटात उतरते अशी समजूत, मालकाची पण आणि कामगाराची पण. पण गूळ जातो पोटात आणि धूळ जाते फुफ्फुसात, दोघांची वाटेत कुठे भेटच होत नाही. वाळूतल्या सिलिकाचे जे अगदी बारीक कण असतात ना, डोळ्याला न दिसणारे, ते खोल जाऊन बसतात आणि तिथे हळूहळू वण धरतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि झालेला सिलिकोसिस परत फिरवायचं औषध नाही.

यातली खरी पंचाईत पुढे आहे. असा पेशंट एक्स-रे घेऊन येतो तेव्हा फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतात आणि आपल्याकडे वरच्या भागात डाग म्हटलं की डोक्यात पहिलं नाव टीबीचं येतं, ते चूक पण नाही, आपल्याकडे टीबी आहेच तेवढा. मग कोर्स सुरू होतो, सहा महिने होतात, दम कमी होत नाही, मग दुसऱ्या डॉक्टरकडे परत कोर्स. आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की सिलिकोसिस असलेल्याला टीबी व्हायची शक्यता इतरांपेक्षा खूप जास्त असते, म्हणजे दोन्ही एकत्र पण असू शकतं. त्यामुळे थुंकी तपासायची ती तपासायचीच, पण सोबत हेही विचारायचं की या कंपनीच्या आधी कुठे होता, त्याच्या आधी कुठे होता. कारण हा आजार आजच्या नोकरीचा नसतोच बऱ्याचदा. आज माणूस एटीएमबाहेर वॉचमन म्हणून खुर्चीवर बसलेला असतो आणि फुफ्फुसं दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या खडी क्रशरवरची असतात.

हे विचारायला मी काही नवीन शोधलेलं नाही. इटलीत मोदेना नावाच्या गावात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा डॉक्टर होता, त्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पूर्ण पुस्तक लिहिलं, पुढे १७१३ साली त्यात भर घातली, सगळे मिळून पन्नासच्या आसपास धंदे घेऊन, कुंभार, आरसे बनवणारे, सुईणी, कारकून, सगळे. त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय की जुन्या ग्रीक वैद्याने, हिप्पोक्रेटिसने, पेशंटला विचारायचे जे प्रश्न सांगितलेत त्यात आणखी एक घाला, तुमचा धंदा काय. आणि तो असंही म्हणतो की गरिबाच्या घरी गेलात तर जे तिपाई-स्टूल मिळेल त्यावर नीट बसा, घाई करू नका. आता आमच्या ओपीडीत पेशंट स्टूलवर आणि डॉक्टर खुर्चीवर, त्यामुळे तो सल्ला उलटा करून घ्यावा लागतो.

त्याला हे सुचलं कसं तर त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसायला माणूस आला होता, तो फार घाईघाईने काम करत होता. रामाझ्झिनीने त्याला विचारलं एवढी घाई का. तो म्हणाला, इथे जास्त वेळ थांबलं की डोळ्यांची आग होते, घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसावं लागतं, यातले किती जण आंधळे होऊन भीक मागतायत गावात. सव्वातीनशे वर्षं झाली या गोष्टीला. आणि आज माझ्यासमोर एखादा पेशंट बसतो, ताप, अंगदुखी, डोळे लाल, पोटऱ्या दुखतायत, विचारलं तर म्हणतो "कॉर्पोरेशनला आहे", आणि तिथेच थांबतो. ड्रेनेजवर आहे, चेंबरमध्ये उतरतो हे तो आपणहून सांगत नाही, कारण ते सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं असतं. सुरक्षेची साधनं न देता माणसाला चेंबरमध्ये उतरवायला २०१३ चा कायदा बंदी घालतो, उतरणारे उतरतायत, ते वेगळं. पण लेप्टो, म्हणजे घाण पाण्यातून होणारा ताप, डोक्यात यायला हवा असेल तर घाण पाण्यात पाय होते का हे कळायलाच हवं. मी अशा वेळी सरळ विचारत नाही, म्हणते "या आठवड्यात पाण्यात-चिखलात काम पडलं का?" हे पावसाळ्यात मी शेतकऱ्याला पण विचारते, भाजीवाल्याला पण विचारते, मग त्यालाही त्यात वेगळं काही वाटत नाही. आणि एक नक्की, आडनावावरून काम ओळखायचा जो आगाऊपणा आपल्या लोकांत आहे तो दवाखान्याबाहेर ठेवायचा. डॉक्टर मंडळी पण करतात हे, आणि ते शिकलेले असल्याने जास्त सफाईने करतात.

मी जे बाकीचे प्रश्न विचारते त्यातला सगळ्यात आवडता, "गावाला गेलात की बरं वाटतं का?" दिवाळीत आठ दिवस धुळ्याला किंवा चाळीसगावला जाऊन येतो माणूस आणि म्हणतो, तिकडे खोकला नव्हता, आल्यावर दोन दिवसांत परत सुरू. झालं, अर्धं निदान तिथेच होतं. हाताला फोड-खाज असेल तरी तेच, रविवारी सुकतं, बुधवारपर्यंत परत चिघळतं, मग कूलंटमध्ये, म्हणजे मशीन गार ठेवायच्या तेल-पाण्यात, हात असतात का, सिमेंटमध्ये असतात का ते विचारायचं. कापसाच्या धुळीचा जो श्वासाचा आजार आहे त्याची तर पुस्तकातली खूणच ही की सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळते, मग आठवडाभरात कमी होत जाते, म्हणून त्याला सोमवारचा आजार म्हणतात. आता मालेगावात लूमला सुट्टी शुक्रवारी. तिथे कोणी 'सोमवारी त्रास होतो का' असं पुस्तकात बघून विचारलं तर उत्तर नाही असंच येणार, तिथला सोमवार शनिवारी असतो. आणि मुळात मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीच १८९० साली, नारायण मेघाजी लोखंड्यांनी एवढी चळवळ केली तेव्हा. त्याआधी रोजच काम, मग सुट्टीनंतरचा त्रास कुणाच्या लक्षात येणार होता?

दुसरा प्रश्न, "तुमच्या शेजारी काम करणाऱ्यालाही होतं का?" याला लोक फार पटकन आणि फार खरं उत्तर देतात. स्वतःबद्दल बोलायला माणूस कचरतो, शेजाऱ्याबद्दल भरभरून.

आता जरा द्राक्षाचं सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय नाशिकच्या डॉक्टरचं लिखाण पुरं होत नाही.

एमबीबीएसनंतर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष मी दिंडोरी तालुक्यातल्या एका पीएचसीला, प्राथमिक आरोग्य केंद्राला, काढलं. ऑक्टोबर छाटणीचे दिवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, फळ दुसरीनंतर. ऑक्टोबरला काडी छाटली की तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यावर पेस्ट लावतात, हायड्रोजन सायनामाइडचं पाणी असतं ते, बादलीत घ्यायचं आणि कापडाने-स्पंजाने एकेका डोळ्याला पुसत जायचं. छाटणी झाली की लगेच एक-दोन दिवसांत हे उरकावं लागतं म्हणून मजूर एकदम लागतात. सुरगाणा, पेठ, हरसूल या भागातून टोळ्या येतात, गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजारच भरतो, मुकादम भाव करतो आणि पिकअपमध्ये बसवून माणसं बागेत. काही कुटुंबं सीझनभर बागेतच राहतात, पत्र्याच्या शेडमध्ये, ज्यात एका बाजूला औषधांचे डबे ठेवलेले असतात.

एका संध्याकाळी विशीतला एक मुलगा आणला. तोंड लालभडक, मान लाल, डोळे तांबारलेले, छाती धडधडतेय, उलट्या, बीपी खाली. दारूचा वास येत होता. आणणारे म्हणत होते की एकच क्वार्टर घेतली, रोज घेतो त्यापेक्षा कमीच, भेसळीची असेल. मी अ‍ॅलर्जीच्या दिशेने विचार करत होते. आमच्या सिस्टर, वीसेक वर्षं त्याच भागात काढलेल्या, बीपीचा पट्टा सोडता सोडता म्हणाल्या, "मॅडम, छाटण्या चालू झाल्यात, पेस्टवाला असंल." त्याचा हात उघडून पाहिला, तळव्याची सालं निघत होती. दुपारपर्यंत पेस्ट लावत होता, हातमोजे नव्हते, मजुरी मिळाल्यावर बसले पोरं. झोपवून ठेवला, सलाइन लावलं, ऑक्सिजन, बीपी बघत राहिलो, याला वेगळा उतारा असा काही नाही, रात्री लाली उतरली आणि पोरगा चहा मागायला लागला.

यामागचं शास्त्र सोपं आहे. दारू पोटात गेली की शरीरात तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारीच असतं, मग एक एन्झाइम त्याचा लगेच निकाल लावतं. सायनामाइड त्या एन्झाइमलाच अडवतं, आणि ते कातडीतूनही आत जातं. म्हणजे हाताला पेस्ट लागलेली, वर दारू, की अ‍ॅसिटाल्डिहाइड साठत जातं आणि माणूस असा लाल होऊन धापा टाकायला लागतो. दारू सोडवायला जी डायसल्फिरामची गोळी देतात तिचं काम अगदी असंच चालतं. आणि त्या गोळीचीही गोष्ट अशीच आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या एका रबर कारखान्याच्या डॉक्टरने लिहून ठेवलं होतं की आमच्याकडे अमुक रसायनावर काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झालीय, याचा दारू सोडवायला उपयोग होईल का बघा. डायसल्फिराम त्याच जातीचं रसायन, दहाएक वर्षांनी डेन्मार्कमध्ये त्याची गोळी झाली. सायनामाइडचं तर त्याच्याही आधी, १९१४ साली जर्मनीत नोंदलं गेलं होतं, तिथल्या खत कारखान्यातल्या कामगारांमध्ये. कोणीतरी त्या लोकांना विचारलं असणार ना, की बाबांनो तुम्ही दिवसभर करता काय.

२०१७ साली यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून 'फवारणी केली का' हे बरेच डॉक्टर विचारतात, चांगलंच आहे. पण त्या मुलाला मी फवारणी केली का विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता आणि ते खरंच होतं. तो पेस्ट लावत होता. म्हणून मला तयार यादीवर टिकमार्क करायच्या पद्धतीचा एवढा भरवसा वाटत नाही. काल काय केलं ते त्याच्या तोंडून ऐकलं पाहिजे, आणि त्या भागात काय चालतं हे आपल्याला किंवा निदान आपल्या सिस्टरला माहीत पाहिजे.

बरं, कामाबद्दल विचारणं म्हणजे फक्त आजार कशाने झाला ते शोधणं नाही. मला तर उलट वाटतं की रोजच्या प्रॅक्टिसमध्ये त्याचा जास्त उपयोग औषध कुठलं आणि कधी द्यायचं यासाठी होतो.

एक ताई यायच्या बीपीसाठी. कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे तीन बंगल्यांत धुणी-भांडी-फरशी. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाण्याची गोळी, म्हणजे लघवी जास्त करवणारी, सुरू केलेली, बीपी काही उतरत नव्हतं. गोळी घेता का, तर घेते. मी विचारलं आज घेतली का. "आज नाही, आज कामाला गेले होते ना." मग कधी घेता? "रविवारी. आणि सणासुदीला सुट्टी असली की." कारण तीनपैकी एकाही घरात त्यांना संडास-बाथरूम वापरायची परवानगी नव्हती. सकाळी साडेसातला घर सोडायचं ते दुपारी तीनला परत, तोवर लघवीला जायचं नाही, म्हणून पाणीपण प्यायचं नाही, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी लघवीला जळजळ आणि त्याची वेगळी अँटिबायोटिक्स. आणि आम्ही देतोय काय तर पाण्याची गोळी, सकाळी नाश्त्यानंतर! त्या गोळी घेत नव्हत्या हे किती शहाणपणाचं होतं. मी गोळी तीच ठेवली, वेळ बदलली, दुपारी घरी आल्यावर घ्यायची, संध्याकाळ घरात जाते. बीपी बऱ्यापैकी खाली आलं. बंगल्यातल्या बाथरूमचं मला काही करता आलं नाही, आणि त्या तीन बंगल्यांपैकी एक डॉक्टरांचा आहे हे कळल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसले.

शिफ्टवाल्यांचं असंच. आमचं सगळं प्रिस्क्रिप्शन दिवसा जागणाऱ्या आणि रात्री झोपणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं असतं. शुगरची गोळी 'रात्री जेवणाआधी' असं लिहून दिलं आणि माणूस त्या आठवड्यात नाईटला असला तर तो आठला गोळी घेतो, घाईत दोन घास खाऊन बस पकडतो, खरं जेवण मध्यरात्री कँटीनला, आणि त्याच्या आधी मशीनवर उभा असताना शुगर खाली जाते, घाम, थरथर, हात प्रेसमध्ये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने हे होऊ शकतं. त्यामुळे मी लिहिताना गोळी घड्याळाला नाही तर पोटभर जेवणाला बांधून देते, आणि ज्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते त्याला शक्यतो शुगर एकदम खाली न पाडणारं औषध बघते. यात काही मोठी विद्या नाही, फक्त 'या आठवड्यात कुठली शिफ्ट' एवढं विचारावं लागतं.

घराबद्दल विचारायचं तर अजून अवघड, कारण तिथे माणसाची इज्जत अडकलेली असते. घरी गॅस आहे का विचारलं तर सगळे हो म्हणतात, आणि तो असतोच. पण "अंघोळीचं पाणी कशावर तापवता?" विचारलं की खरं बाहेर येतं, बंबावर, नाहीतर अंगणातल्या चुलीवर, जळण काय तर कंपनीतून आणलेल्या पॅकिंगच्या फळ्या, कधी कधी प्लास्टिकसकट. सिलिंडर चहा आणि भाजीपुरता जपून वापरायचा. आयुष्यात बिडी न ओढलेल्या साठीच्या बाईची फुफ्फुसं बिडी ओढणाऱ्यासारखी का झाली याचं उत्तर त्या अंघोळीच्या पाण्यात असतं.

अंबडला कारखान्यांमागे ज्या खोल्या आहेत त्यात बिहार-यूपीची आणि आपल्या नंदुरबार-जव्हारची पोरं सहा-सहा, आठ-आठ राहतात. खरूज घेऊन येतो एक जण. परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायापर्यंत रात्रभर लाव, आठवड्याने परत लाव, हे सगळं बरोबर सांगूनही तो महिन्याने परत तसाच. खोलीत किती जण, तर सात. गाद्या किती? चार. कशा पुरतात मग? "मी डे ला असलो की तो नाईटला, गादी एकच." म्हणजे गादी कधी थंडच होत नाही, एक उठला की दुसरा. त्या एकट्याला मलम देऊन काय होणार होतं? सातही जणांना एकाच दिवशी लावायला लावलं, रविवार धरून, चादरी गरम पाण्यात. सात ट्यूबचे पैसे हा प्रश्न होताच, तो त्यांनी वर्गणी काढून सोडवला, मोबाइलचा रिचार्ज करतात तशी.

मला विचारतात लोक, विशेषतः ज्युनियर मुलं, की मॅडम एवढा वेळ कुठून आणायचा, बाहेर चाळीस पेशंट बसलेत. खरं आहे. पण हे प्रश्न मिनिटभराचे असतात आणि पुढचे तीन फेरे वाचवतात. बीपी घेताना मात्र विचारू नका, बोललं की बीपी चढतं. आता एमबीबीएसच्या मुलांना गावातली कुटुंबं दत्तक घ्यायला लावतात, घरी जायचं, चूल-पाणी-संडास बघायचं, आमच्या वेळी नव्हतं हे. काही मुलं ते मनापासून करतात, काही लॉगबुक भरायला फोटो काढतात, जसं सगळीकडे असतं.

वेळेपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, पेशंटबरोबर आत कोण येतं. शेतमजुराबरोबर मुकादम येतो आणि प्रश्न मजुराला विचारला की उत्तर मुकादम देतो, कारण बिल तो देणार असतो आणि ते उचलीतून कापणार असतो. कंपनीत बोट गेलं की सुपरवायझर सोबत, "घरी लागलं म्हणून लिहा मॅडम." अशा वेळी मी मुकादमाला चिठ्ठी देऊन मेडिकलवर पाठवते, कसलीतरी गोळी आणायला, आणि तेवढ्या पाच मिनिटांत जे कळायचं ते कळतं. पेशंट हळूच म्हणतो, कंपनीचं नाव नका लिहू. त्याची भीती खोटी नाही, कंत्राटी आहे, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. १९४८ च्या कारखाना कायद्यात डॉक्टरवर जबाबदारी टाकलेली होती की सिलिकोसिस, शिशाची विषबाधा असले ठरावीक आजार कारखान्यातल्या माणसात दिसले तर मुख्य फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला कळवायचं. किती डॉक्टरांनी कधी कळवलं असेल, हे वाचणाऱ्या डॉक्टरांनी आपापल्या मनाशी बघावं. मी पेशंटला सांगते की ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर हे कागदावर असलेलं तुझ्याच फायद्याचं आहे, नंतर भरपाई मागायची झाली तर लागेल. काही तयार होतात, काही नाही. नाही म्हटलं तर मी कंपनीचं नाव लिहीत नाही पण काम काय करतो ते लिहिते, 'फेटलिंग, आठ वर्षं, त्याआधी क्रशर', एवढं तरी त्या कागदावर राहतं.

आणि ते 'आराम करा' हे वाक्य मी बंद केलंय. रोजंदारीवाल्याला आराम म्हणजे खाडा, खाडा म्हणजे त्या दिवसाचं रेशन नाही. त्याऐवजी 'पंधरा दिवस वजन उचलायचं काम देऊ नये' असं लेटरहेडवर सही-शिक्क्याने लिहून देते, काही सुपरवायझर ते मानतात आणि माणसाला पॅकिंगला बसवतात. सगळे नाही मानत.

दिंडोरीकडचे एक बागाईतदार काका अजून फोन करतात मला, त्या वर्षापासूनची ओळख. परवा फोन आला, पाऊस उघडला की छाटणी धरायची म्हणत होते, मजूर तीसेक लागतील, पेस्टच्या वेळी काय काळजी घ्यायची सांगा म्हणाले. सांगितलं, रबरी हातमोजे द्या, पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लावा, हात धुवायला साबण आणि पाण्याची टाकी बागेतच ठेवा, शेडमधले डबे बाहेर काढा, आणि पेस्टच्या दिवसांत आणि त्यानंतरही काही दिवस कुणी प्यायची नाही, मुख्य म्हणजे काम उरकल्याच्या खुशीत बाटली वाटू नका. ते म्हणाले, "हातमोजे देतो, टाकीपण ठेवतो. बाटलीचं मुकादमाशी बोलावं लागंल, ती त्याच्याकडून असते."

मी म्हटलं, मुकादमाचा नंबर द्या मला.